'मोकळा हात' म्हणजे नेमकं काय? अमृतसरच्या एकाच आवारातल्या दोन मोहिमा

प्रश्न असा आहे: सरकारकडे राजकीय इच्छाशक्ती असली आणि त्याने लष्कराला मोकळा हात दिला, तर दहशतवाद संपतो का? आणि संपत असेल, तर आपलं घोडं दर वेळी कुठे अडतं?

याचं उत्तर शोधायला अमृतसरइतकी चांगली जागा नाही. सुवर्णमंदिराच्या एकाच आवारात चार वर्षांच्या अंतराने दोन मोहिमा झाल्या. जून 1984 मध्ये ऑपरेशन ब्लू स्टार आणि मे 1988 मध्ये ऑपरेशन ब्लॅक थंडर. दोन्ही वेळी आत शस्त्रधारी होते, बाहेर सरकारी दलं होती आणि मधे भाविक अडकलेले होते. दोन्ही वेळी दिल्लीत भक्कम बहुमताचं सरकार होतं आणि कारवाईला पंतप्रधानांचा होकार होता. म्हणजे इच्छाशक्ती म्हणून आपण जे मोजतो ते दोन्हीकडे सारखंच होतं, तरी निकाल एकमेकांच्या अगदी उलटे लागले. हा फरक कुठून आला ते पाहिलं की 'मोकळा हात' या शब्दाच्या पोटात काय काय असतं ते कळतं.

सुरुवात जून 1984 पासून करून चालत नाही, 25 एप्रिल 1983 पासून करावी लागते. त्या दिवशी पंजाब पोलिसांचे डीआयजी अवतारसिंग अटवाल मंदिरात माथा टेकून बाहेर येत असताना पायऱ्यांवरच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. हाकेच्या अंतरावर पोलिसांचा पहारा होता. तरी मृतदेह सुमारे दोन तास तिथेच पडून राहिला, कारण पुढे जाऊन तो उचलायचा हुकूम द्यायला कोणी तयार नव्हतं. इच्छाशक्तीची खरी परीक्षा त्या दोन तासांत होती. तेव्हा आत तटबंदी उभी राहिलेली नव्हती आणि शस्त्रांचा साठाही पुढच्याइतका नव्हता. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा दिवसाढवळ्या खून झाला होता, त्यामुळे गुन्हेगारांना ताब्यात घ्यायला पोलीस आत गेले असते तर लोकांनी ते समजून घेतलं असतं. ती वेळ सरकारने दवडली. ऑक्टोबर 1983 मध्ये राष्ट्रपती राजवट आली, डिसेंबरमध्ये शस्त्रधाऱ्यांचे म्होरके जर्नेलसिंग भिंद्रनवाले हरमंदिर साहिबसमोरच्या अकाल तख्तात मुक्कामाला गेले आणि पुढचे सहा महिने माजी मेजर जनरल शाबेगसिंग यांनी त्या इमारतीचा किल्ला केला. हे शाबेगसिंग 1971 मध्ये मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण देणारे अधिकारी होते. आपल्या फौजेचे डावपेच त्यांना तळहातावरच्या रेषांसारखे माहीत होते.

मग वरातीमागून घोडं यावं तसा हुकूम आला, आणि आला तो कमालीच्या घाईत. लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य होते, पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सुंदरजी, आणि प्रत्यक्ष मोहीम मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्या 9 इन्फन्ट्री डिव्हिजनकडे होती. हुकूम हाती पडल्यापासून मुख्य हल्ल्यापर्यंत ब्रार यांना आठवडासुद्धा मिळाला नाही. त्यात 3 जूनला गुरू अर्जनदेवांचं शहीदी गुरुपर्व होतं, त्यामुळे आवार भाविकांनी भरलेलं. ही तारीख कोणत्याही पंचांगात पाहून कळली असती.

हुकुमात अपेक्षा चार होत्या. हरमंदिर साहिबला, म्हणजे मुख्य मंदिराला, धक्का लागू नये. जीवितहानी कमीत कमी व्हावी. शस्त्रधारी सुटता कामा नयेत. आणि हे सगळं झटपट व्हावं, कारण गावोगावचे लोक अमृतसरकडे निघतील अशी धास्ती होती. यातल्या कोणत्याही तीन अपेक्षा एका वेळी पुऱ्या होऊ शकतात, चारही नाही. झटपट हवं असेल तर माणसं आणि वास्तू यांची किंमत मोजावी लागते. वास्तू वाचवायची असेल तर दिवस द्यावे लागतात. लष्करी नेतृत्वाचं पहिलं काम हेच असतं की ही बेरीज राजकीय नेतृत्वापुढे मांडायची आणि विचारायचं, 'यातलं काय सोडायला तुम्ही तयार आहात?' वैद्य यांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. दोनदा महावीरचक्र मिळवलेला तो मराठी सेनानी होता. पण दुसऱ्या फौजेविरुद्धची लढाई आणि आपल्याच लोकांच्या श्रद्धास्थानातली मोहीम यांत फरक आहे, आणि तिथे वेळ मागून घेणं हाही धैर्याचाच भाग ठरतो.

आत काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. 5 जूनच्या रात्री घंटाघराच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेच्या दारातून जवान परिक्रमेत, म्हणजे तळ्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, उतरले. संगमरवरी फरशीचा उघडा चौक, आडोसा जवळजवळ नाही. आतल्यांनी भिंतींना आणि पायऱ्यांच्या कडांना जमिनीपासून वीतभर उंचीवर भोकं पाडून त्यांत लाइट मशीनगन बसवल्या होत्या. गोळीबारात जवान सवयीने खाली झोपतो किंवा रांगतो. इथे गोळी फरशीलगतच येत होती. त्यामुळे कित्येकांच्या जखमा पायांना होत्या, आणि पाय गेल्यावर माणूस खाली पडला की दुसरी गोळी छातीत. गटारांच्या झाकणांखालून माणसं वर येत, गोळ्या झाडत आणि पुन्हा गडप होत. जवानांना पुढे नेण्यासाठी चिलखती गाडी आत घातली, तर तिच्यावर रॉकेट लाँचर चालला. तो आत आहे हेच गुप्तवार्तेत नव्हतं. सकाळ जवळ आली, अकाल तख्त पडेना, आणि उजाडल्यावर उघड्या चौकातली माणसं टिपली जाणार हे दिसत होतं. मग विजयंत रणगाडे आत आले. आधी त्यांचे प्रखर दिवे वापरले गेले आणि नंतर 105 मिलिमीटरच्या तोफा. अकाल तख्ताचा दर्शनी भाग कोसळला. सरकारी श्वेतपत्रिकेनुसार 83 जवान मृत्युमुखी पडले, 249 जखमी झाले. आतले मृत, दहशतवादी आणि नागरिक मिळून, 493 अशी नोंद आहे. मरणाऱ्यांचा खरा आकडा याहून बराच मोठा होता, असं सांगणारे कित्येक जण आहेत.

रणगाडा हा निर्णय नव्हता, ती घाईची परिणती होती, हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे. 'उजाडायच्या आत' ही मर्यादा काढली असती तर तोफ चालवायची गरजच उरली नसती.

दुसरी मोठी चूक बातमीची. पत्रकारांना पंजाबातून बाहेर काढलं होतं, संचारबंदी होती, तारा-टेलिफोन बंद होते. सरकारला वाटलं, बातमी थांबली. थांबली नाही, फक्त तिची जागा अफवेने घेतली. गंगानगरला शीख रेजिमेंटच्या नवव्या पलटणीत आणि रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये जवानांनी बंड केलं, रामगढला ब्रिगेडियर पुरी मारले गेले. यातले बरेचसे कोवळे, नुकतेच भरती झालेले होते, आणि हरमंदिर साहिब जमीनदोस्त झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. पलटणीच्या अधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी जवानांना समोर बसवून काय होणार आहे ते सांगितलं असतं, तर हे टळलं असतं. तो वेळही घाईने खाल्ला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या, त्यानंतर दिल्लीत हजारो निरपराध शिखांचं शिरकाण, आणि 10 ऑगस्ट 1986 ला पुण्यात, निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, जनरल वैद्य यांचा खून.

आता मे 1988. आवार तेच, पण प्रमुख वेगळे. पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे, प्रमुख वेद मारवाह. 9 मे रोजी आवाराबाहेरच्या चौक्यांची पाहणी करताना केंद्रीय राखीव पोलीस दलाचे डीआयजी सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली. (हे विर्क मूळ महाराष्ट्र केडरचे, पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालकही झाले.) 1983 मध्ये अशाच क्षणी सगळं गोठलं होतं. या वेळी लगेच वेढा आवळायला सुरुवात झाली.

वेढ्याचे घटक साधे होते. बाहेरचं कडं निमलष्करी दलांकडे, आतलं काम एनएसजीकडे. लष्कर आणि रणगाडे नाहीत. वीज आणि पाणी तोडलं. आजूबाजूच्या उंच इमारतींवर दुर्बिणीच्या रायफली घेऊन नेमबाज बसवले आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की ज्याच्या हातात शस्त्र दिसेल त्याच्यावरच गोळी. गोळीबार थांबवून भाविकांना आणि सेवेकऱ्यांना बाहेर पडू दिलं. आवारातले दोन उंच बुंगे, म्हणजे जिथून सगळी परिक्रमा टप्प्यात येते ते मनोरे, निकामी केले. त्यानंतर थांबायचं. मे महिन्याचं अमृतसरचं ऊन, उघडी फरशी, आणि मधल्या तळ्याचं पाणी प्यायला बाहेर यावं तर नेमबाज. घाई कोणाला असायला हवी हे इथे उलटं झालं.

या वेळी पत्रकार जवळच्या गच्च्यांवर होते. 15 मे रोजी हात वर करून बाहेर येणारी रांग साऱ्या जगाने पाहिली. उरलेले हरमंदिर साहिबच्या आत जाऊन बसले, आणि गिल यांनी तेव्हाही आत जायला नकार दिला. 18 तारखेला तेही शरण आले. सुमारे 200 जण शरण आले, 40च्या आसपास मारले गेले, हरमंदिर साहिब शाबूत राहिलं. आत बसलेल्यांनी त्या पवित्र जागेची काय दैना केली होती तेही लोकांनी पाहिलं. आवाराच्या मलब्यातून छळ करून मारलेल्या माणसांची प्रेतं निघाली. हुतात्म्यांचं वलय त्या आठवड्यात जेवढं उतरलं तेवढं चार वर्षांच्या भाषणांनी उतरलं नव्हतं. आठवडाभरात, 26 मे रोजी, धार्मिक स्थळांच्या गैरवापराला बंदी घालणारा अध्यादेश निघाला आणि नंतर त्याचा कायदा झाला. मोहीम संपायच्या सुमाराला पुढचा कागद तयार होता, हेही महत्त्वाचं.

म्हणजे 1984 मध्ये हात बांधलेले होते आणि 1988 मध्ये मोकळे होते, असं म्हणायचं का? नेमकं उलट. 1988 मध्ये बंधनं जास्त होती: रणगाडा नाही, हरमंदिर साहिबमध्ये शिरायचं नाही, शस्त्र दिसल्याशिवाय गोळी नाही, आणि सगळं कॅमेऱ्यासमोर. मोकळी होती ती एकच गोष्ट, वेळ. दिल्लीने दर तासाला फोन करून 'झालं का?' असं विचारायचं नाही, एवढी मोकळीक गिल यांना मिळाली आणि ती पुरली.

पण इथेच थांबलो तर चुकीचा धडा घेऊ. ब्लॅक थंडर इतकी यशस्वी होऊनही पंजाब शांत झाला नाही. उलट 1990 आणि 1991 ही सगळ्यात रक्ताळलेली वर्षं ठरली. 1991 मध्ये अडीच हजारांहून जास्त नागरिक मारले गेले. कारण सरळ आहे: जिंकलेल्या मोहिमेच्या मागे धोरण उभं नव्हतं. डिसेंबर 1989 ते ऑगस्ट 1991 या 20 महिन्यांत राजभवनात चार राज्यपाल बसले. प्रत्येकाचं धोरण वेगळं. एक म्हणतो बोलणी करू, दुसरा म्हणतो मोडून काढू. 1990 च्या अखेरीस गिल यांनाच हलवलं. जून 1991 मध्ये होणारी निवडणूक मतदानाच्या तोंडावर पुढे ढकलली गेली, तोवर कितीतरी उमेदवारांचे बळी गेले होते. गावातला माणूस हे सगळं पाहत असतो. पोलिसांना खबर द्यावी तर उद्या हे ठाणं, हा फौजदार, हे सरकार राहील का, हा त्याचा रोकडा हिशेब. तो खबर देत नाही ते भित्रा म्हणून नव्हे. सरकारच्या शब्दाला किती मुदत आहे ते त्याला ठाऊक असतं, म्हणून.

नोव्हेंबर 1991 मध्ये गिल परत आले. ऑपरेशन रक्षक-2 खाली लष्कर पंजाबात आलं, पण या वेळी त्याचं काम आखून दिलेलं होतं: सीमा, बाहेरचं कडं, रात्रीची गस्त, निवडणुकीचं संरक्षण. खबर काढणं, ओळख पटवणं, घरात शिरणं हे पोलिसांकडे. ही कामाची वाटणी फार मोलाची आहे. गल्लीत कोण कोणाचा मेव्हणा हे जवानाला कळत नाही, ते ठाण्यातल्या हवालदाराला कळतं. उलट रात्रभर 20 किलोमीटरचा पट्टा धरून ठेवायला ठाण्यात माणसं नसतात. रात्र दहशतवाद्यांची आणि दिवस सरकारचा, ही वाटणी मोडली तेव्हाच लोकांकडून खबर मिळू लागली. ऊस आणि भातशेतीत दडून बसलेल्यांवर जायला पोलिसांनी ट्रॅक्टरला पोलादी पत्रे ठोकून चिलखती ट्रॅक्टर बनवले. सीमेवर तारेचं कुंपण आणि दिवे याच काळात पुरे होत आले.

फेब्रुवारी 1992 ची निवडणूक अकाली दलाच्या मोठ्या गटांनी बहिष्कारली, मतदान जेमतेम 24 टक्के झालं. पुष्कळांनी त्या सरकारला लुटुपुटूचं म्हटलं. बेअंतसिंग यांनी ते सरकार चालवलं, गिल यांच्या मागे न डगमगता उभे राहिले आणि लगोलग स्थानिक निवडणुका लावल्या. जानेवारी 1993 च्या पंचायत निवडणुकीत मतदान 80 टक्क्यांच्या वर गेलं. नागरिकांच्या हत्या 1992 मध्ये सुमारे दीड हजार होत्या, त्या 1993 मध्ये पन्नासच्या आत आल्या. राजकीय इच्छाशक्ती म्हणजे काय हे पाहायचं तर कारवाईच्या हुकुमापेक्षा या पंचायत निवडणुकीकडे पाहावं. बंदूक बाजूला सरली की गावात रिकामी जागा तयार होते. तिथे सहा महिन्यांत सरपंच बसला नाही, तर दुसरा बंदूकवाला बसतो. बेअंतसिंग यांनी याची किंमत जिवाने मोजली, 31 ऑगस्ट 1995 रोजी चंदीगडच्या सचिवालयाबाहेर मानवी बॉम्बने त्यांची हत्या झाली.

तर मोकळ्या हातात नक्की काय असावं? माझ्या मते तो एका पानाचा लेखी हुकूम असावा आणि त्यात पुढच्या गोष्टी असल्याशिवाय कोणत्याही सेनापतीने 'होय साहेब' म्हणू नये. साध्य काय, आणि ते मोजता येईल अशा शब्दांत: 'दहशतवाद संपवा' हे साध्य नव्हे, 'अमुक तालुक्यातले रस्ते रात्रीही वाहते करा' हे साध्य. काय करायचं नाही. मुदत किती, आणि ती कोण वाढवू शकतो. एकूण हुकूम कोणाचा: पोलीस, निमलष्करी दल, लष्कर एकाच ठिकाणी असतील तर शेवटचा शब्द कोणाचा हे नावानिशी. फसलं तर पुढे काय. आणि बोलणार कोण, म्हणजे पत्रकारांसमोर कोणता अधिकारी, दिवसातून किती वेळा. यातलं 'काय करायचं नाही' हे कलम राजकारण्यांना लिहायला नको वाटतं आणि अधिकाऱ्यांना वाचायला. पण सर्वांत जास्त जीव तेच वाचवतं. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यावर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कायदा कायम ठेवला, पण लष्कराची 'करा-करू नका' यादी बंधनकारक ठरवली. पकडलेल्याला लवकरात लवकर जवळच्या ठाण्यात देणं तर मूळ कायद्यातच आहे. हे हात बांधणं नव्हे. कारवाईनंतर गाव आपल्याकडे राहावं म्हणून घातलेली ही कुंपणं आहेत.

इच्छाशक्ती आहे पण वेळेवर हुकूम नाही, हा दुसरा रोग. 24 डिसेंबर 1999 ला काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-814 अपहरण होऊन अमृतसरला उतरलं आणि जेमतेम पाऊण तास तिथे उभं होतं. विमान उडू द्यायचं नाही, एवढं एकच काम होतं. इंधनाचा टँकर आडवा घालायचा, की टायर फोडायचे, की स्थानिक कमांडोंना पुढे करायचं, हे दिल्लीतली संकट-समिती ठरवत राहिली. एनएसजी पोचली नव्हती. टँकरच्या हालचालींनी अपहरणकर्ते बिथरले आणि विमान इंधन न भरताच उडालं. पुढे कंदाहार, आणि 31 डिसेंबरला मसूद अझरसह तिघांची सुटका. दोष शोधायचा तर त्या पाऊण तासात शोधू नये. अशा वेळी विमानतळावरच्या कोणत्या अधिकाऱ्याने कोणाला न विचारता काय करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, दोष तिथे होता. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. 2005 च्या अपहरणविरोधी धोरणात, उतरलेलं विमान पुन्हा उडू द्यायचं नाही, हे स्पष्ट झालं.

मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 ला हेच नऊ-दहा तासांच्या मापाने झालं. रात्री साडेनऊनंतर गोळीबार सुरू झाला. एनएसजीचे जवान दिल्लीजवळ मानेसरला, त्यांना नेणारं आयएल-76 विमान चंदीगडला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. जवान पहाटे साडेपाचच्या सुमाराला मुंबईत उतरले, तिथून बसने कुलाब्याकडे, आणि प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत दिवस उजाडला. तोवर गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली होती. इच्छाशक्तीची कमतरता त्या रात्री कोणाकडेच नव्हती, कमी होतं ते अंतराचं गणित. 2009 मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात एनएसजीची केंद्रं आली, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं, आणि गरज पडली तर खासगी कंपनीचं विमानही ताब्यात घेण्याचा अधिकार एनएसजीच्या प्रमुखांना मिळाला. खरी इच्छाशक्ती अशा कंटाळवाण्या कागदांत असते. मुंबईच्या केंद्राचा सराव वर्षातून किती वेळा होतो, हॉटेलांचे आणि मॉलचे नकाशे अद्ययावत आहेत का, रात्री तीन वाजता फोन कोण उचलतो, हे विधानसभेत विचारलं गेलं पाहिजे. थेट प्रक्षेपणाचा धडाही तेव्हाचाच: ताजबाहेरच्या जवानांच्या हालचाली टीव्हीवरून पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांपर्यंत पोचत होत्या. आता केबल नियमांनी मोहिमेचं थेट चित्रण बंद आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने माहिती द्यायची असते. 1984 ची पूर्ण बंदी आणि 2008 ची पूर्ण सूट यांच्या मधला हा रस्ता आहे.

सीमेपलीकडे मारायचं असेल तर साध्याचा प्रश्न आणखी टोकदार होतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. लाखोंची फौज सीमेवर गेली, पण तिने तिथे काय मिळवायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. हल्ल्याच्या फळीतल्या फौजा जागेवर पोचायलाच सुमारे तीन आठवडे लागले, तोवर जगाचा दबाव येऊन खिडकी बंद झाली. दहा महिने भिजत घोंगडं पडलं आणि न लढताच, सुरुंग पेरताना-काढताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले. उरीनंतर सप्टेंबर 2016 मध्ये मात्र साध्य छोटं आणि नेमकं होतं. हल्ला 18 तारखेचा, कारवाई 28-29 च्या रात्रीची, आणि 29 ला लष्करी मोहिमांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीरसिंग यांनी पाकिस्तानी समपदस्थाला फोन करून आणि पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की कारवाई झाली आहे, पुढे चालू ठेवायचा विचार नाही. शेवट कुठे हे आधीच ठरलेलं असलं की समोरच्यालाही थांबायला वाट मिळते.

पहलगामनंतर 29 एप्रिल 2025 रोजी पंतप्रधानांनी सैन्यदलांना लक्ष्य, वेळ आणि पद्धत ठरवण्याचं पूर्ण स्वातंत्र्य दिल्याचं जाहीर झालं. 7 मेच्या पहाटे नऊ ठिकाणं मारली गेली आणि लक्ष्यं दहशतवाद्यांची आहेत, पाकिस्तानी लष्कराची नाहीत, ही मर्यादा सरकारने स्वतःच सांगितली. 31 मे रोजी सिंगापुरात सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी सुरुवातीला विमानं गमावल्याचं मान्य केलं आणि चूक ओळखून दोन दिवसांत डावपेच दुरुस्त केल्याचं सांगितलं. मर्यादा घालणं चूक नव्हे, तो राजकीय नेतृत्वाचा हक्कच आहे. पण प्रत्येक मर्यादेला किंमत असते, आणि ती आधी, आकड्यांत, बंद दाराआड सांगणं हे सेनापतीचं काम. नंतर झालेलं नुकसान लोकांना सरळ सांगणं हेही नेतृत्वच.

इच्छाशक्तीच्या भाषेत एक गोष्ट कायम राहून जाते, ती म्हणजे स्थानिक माणूस. गडचिरोलीत 1990 मध्ये नक्षलवाद्यांशी लढायला सी-60 हे पोलिसांचं कमांडो पथक उभं राहिलं ते जिल्ह्यातल्याच पोरांचं. गोंडी आणि माडिया बोलणारी, पावसाळ्यात कोणता नाला कुठे उतरता येतो हे ठाऊक असलेली. बाहेरून आणलेल्या दलाला त्याच जंगलात खबर मिळत नव्हती. तिथेही फळ यायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

शेवटी पंजाबचा राहिलेला हिशेब. 1992-93 मध्ये पोलिसांना जो मोकळा हात मिळाला तो तोंडी होता. लेखी मर्यादा नाही, मेलेल्यांची ओळख पटवायची सक्ती नाही, डोक्याला बक्षीस मात्र आहे. याचा परिणाम काय होतो ते ठाण्यात बसणाऱ्या कोणालाही सांगता येईल: खरा अतिरेकी सापडला नाही की संशयित, आणि संशयित नाही तर त्याचा भाऊ. मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या वह्या तपासल्या. बेवारस म्हणून जाळलेल्यांच्या नावापुढे किती लाकूड आणि किती कापड लागलं याच्या नोंदी होत्या. सप्टेंबर 1995 मध्ये पोलिसांनी त्यांनाच घरासमोरून उचललं आणि मारलं. नंतर सीबीआयच्या तपासात अशा बेकायदा दहनांची संख्या 2,097 निघाली. खालरा खटल्यात शिक्षा झाल्या त्या उपअधीक्षकापासून खालच्या पोलिसांना. मोहालीच्या सीबीआय न्यायालयात त्या वर्षांतल्या बनावट चकमकींचे निकाल 30 वर्षांनंतरही लागत आहेत, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात उभे राहतात ते तेव्हाचे उपअधीक्षक, ठाणेदार, फौजदार, हवालदार, आता सत्तरीला टेकलेले. ज्यांनी 'काहीही करा, पण संपवा' असं म्हटलं, त्यांच्या सहीचा एकही कागद त्या खटल्यांत नाही.